जुनेर म्हणजे कचरा नव्हे

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक पसरायचे आणि धावदोऱ्याने ते एकजीव करायचे, की गोधडी होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात तिला वाकळ म्हणतात. काही भागांत ती लेपडे होते आणि उत्तर कर्नाटकात कौदी. रजईत पिंजलेला कापूस भरलेला असतो, तसे गोधडीत काही भरत नाहीत. तिची ऊब थरांतून येते आणि तिचा टिकाऊपणा टाक्यांतून.

या वस्तूची ओळख करून देताना एक वाक्य ठरल्यासारखे येते. शाळेच्या कार्यानुभवाच्या वहीत ते असते, हस्तकलेच्या प्रदर्शनातल्या पाटीवर असते, पर्यावरणावरच्या भाषणातही असते : गोधडी म्हणजे 'टाकाऊतून टिकाऊ'. वाक्य कौतुकाने म्हटले जाते, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. पण त्याच्या पोटात तीन समजुती आहेत. पहिली, की गोधडीतले कापड घराने टाकून दिलेले होते. दुसरी, की ते हाताला लागेल तसे जोडले गेले. तिसरी, की जोडणाऱ्या बाईकडे त्या काळात दुसरे काम नव्हते. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत गोधडी शिवणाऱ्या बाईला रोख मोजावी लागते.

लुगडे बाद होते म्हणजे काय

टाकाऊ म्हणजे जे घराबाहेर जाते आणि ज्याचा मोबदला मिळत नाही. या कसोटीवर सुती लुगड्याचा प्रवास पाहावा. नवे लुगडे आधी सणावाराला नेसले जाते, मग बाजाराला आणि पाहुण्यांकडे, मग रोजच्या शेतकामाला. लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसून-उठून आणि कासोट्याच्या ओढीने त्याचा मधला भाग आधी विरतो. काठ आणि पदर शाबूत राहतात. विरलेला भाग कापून दोन धड तुकडे मध्ये शिवण घालून जोडले, की त्याला 'दंड घातला' असे म्हणतात. दंड घातलेले लुगडे पुन्हा काही महिने नेसले जाते. त्यानंतर ते 'जुनेर' होते.

या टप्प्यासाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहे, यातच बरेच काही आले. टाकायच्या वस्तूला भाषा सहसा वेगळे नाव देत बसत नाही. जुनेराचे पुढे काय करायचे हा घरातला एक निर्णय असतो. मऊ भागाची बाळाची झबली आणि दुपटी होतात, मजबूत भागाचा परकर किंवा पिशवीचे अस्तर होते, अगदी विरलेल्या भागाची चुलीजवळची फडकी होतात. उरलेले मोठे, सलग तुकडे बोचक्यात जातात. बोचके म्हणजे गोधडीसाठी राखून ठेवलेल्या कापडाचे गाठोडे.

बोचक्यातल्या कापडाला बाजारभाव होता, याचा पुरावा दारावर येत असे. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडी देणारी बोहारीण शहरांतल्या वाड्या-चाळींत ओळखीची होती. ती कापड उलगडून उजेडात धरायची, झीज पाहायची, जरीचा काठ असेल तर जास्त मोल करायची, कारण जर जाळून चांदी काढता येत असे. तीन साड्यांवर पातेले की चार साड्यांवर, यावरून उंबऱ्यावर तासभर घासाघीस चाले. कचऱ्यावर कोणी घासाघीस करत नाही. बोहारणीला न देता जे लुगडे बोचक्यात ठेवले, त्याच्यामागे न घेतलेले एक पातेले असते. ते पातेले हीच त्या कापडाची किंमत.

बोचके जमते कसे

हिवाळा हा बोचके वाढण्याचा काळ. दिवाळीला नवे कपडे येतात आणि त्यांच्या येण्याने जुने एक पायरी खाली उतरतात : सणाचे लुगडे रोजचे होते, रोजचे जुनेर होते. संक्रांतीच्या आगेमागे आणखी एक भर पडते. याच दिवसांत वापरात असलेल्या गोधड्यांची परीक्षाही होते. निफाड, नाशिक, जळगाव या भागांत काही रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो, आणि कोणती गोधडी विरली, कोणत्या पोरापुरती आखूड पडू लागली, कोणत्या कोपऱ्यातून वारा लागतो हे अंगालाच कळते. पुढच्या उन्हाळ्यात किती गोधड्या नव्या शिवायच्या आणि कितींवर नवा थर चढवायचा, याचा हिशेब हिवाळ्यातच मनाशी बांधला जातो.

कापड किती लागते हे आकड्यांत मांडता येते. नऊवार लुगडे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असते. पन्हा १.१ मीटर धरला तर क्षेत्रफळ सुमारे ९ चौरस मीटर होते. दोन मीटर लांब आणि १.४ मीटर रुंद गोधडीच्या एका थराला २.८ चौरस मीटर कापड लागते. म्हणजे धड लुगड्याचे तीन थर झाले असते. पण जुनेराचा मधला भाग आधीच गेलेला असतो, त्यामुळे हाती दोन थरांपुरते कापड येते. पाच थरांच्या गोधडीला अशी दोन-तीन जुनेरे हवीत. ज्या घरात बाईला वर्षाला दोनच लुगडी मिळत, तिथे झबली, फडकी आणि बोहारीण यांचा वाटा काढून एका गोधडीचे कापड साठायला दोन वर्षे सहज लागतात. घरात सहा माणसे असतील तर ही रांग संपतच नाही. दोन वर्षे पुढचे पाहून, मोजून, निवडून जो माल साठवला जातो त्याला उद्योगात कच्चा माल म्हणतात. तोच माल बाईने माळ्यावर बांधून ठेवला, की त्याला अडगळ म्हणायची पद्धत आहे.

निवडीचे नियमही ठरलेले असतात. धोतराचे पांढरे कापड पातळ आणि मऊ, म्हणून ते आतल्या थरांत. इरकली लुगड्याचा गडद रंग मळखाऊ, म्हणून तो अंथरायच्या बाजूला. काठाच्या पट्ट्या कडेला, कारण झीज कडेपासून सुरू होते. खणाचे तुकडे लहान पण घट्ट विणीचे, म्हणून कोपऱ्याला किंवा ठिगळाला. जाड आणि पातळ कापड एकाच थरात शेजारी आले, तर पातळ कापड टाक्यापाशी आधी फाटते. म्हणून सारख्या झिजेची कापडे एकत्र बांधून ठेवतात. हे ज्ञान कोठे लिहिलेले नाही. बोचके सोडताना शेजारी बसलेल्या मुलीला ते मिळत आले.

जुनेच कापड का

'गरिबीमुळे नवे कापड परवडत नव्हते, म्हणून जुने वापरले' हे उत्तर अर्धेच आहे. गोधडीच्या कामाला जुने सुती कापड नव्यापेक्षा सरस ठरते, आणि त्याची कारणे कापडाच्या गुणांत आहेत.

पहिले कारण आटण्याचे. सुती कापड मागावर ताणून विणलेले असते. पहिल्या काही धुण्यांत तो ताण सुटतो आणि कापड आटते. वेगवेगळ्या प्रमाणात आटणारी पाच नवी कापडे एकत्र शिवली, तर पहिल्याच धुण्यात गोधडीला सुरकुत्या आणि फुगे येतात, टाके ओढले जातात. जुनेर शेकडो वेळा धुतलेले असते. त्याचे आटणे कधीच संपलेले असते. दुसरे कारण रंगाचे. ज्या कापडाचा रंग जायचा होता तो गेलेला असतो, त्यामुळे लाल काठ शेजारच्या पांढऱ्या धोतरावर उतरत नाही. तिसरे कारण सुईचे. नव्या कापडात खळ असते, धागे घट्ट असतात. पाच थरांतून एका वेळी चार टाके सुईत धरायचे तर बोट फुटते. जुनेरातून सुई सरळ जाते. चौथे कारण उबेचे. स्थिर हवा ही सुती धाग्यापेक्षाही उष्णतेची वाईट वाहक आहे. झिजलेल्या कापडावर बारीक लव उठते, थरांमध्ये हवा अडकते आणि टाके ती हवा हलू देत नाहीत. एका जाड चादरीपेक्षा पाच पातळ थर अधिक ऊब देतात ते यामुळे.

कारागीर लाकूड वापरण्याआधी मुरू देतो. मुरलेल्या लाकडाला कोणी टाकाऊ म्हणत नाही. जुनेर हे मुरलेले कापड आहे.

फावल्या वेळाची गोष्ट

बाहेर कडाक्याची थंडी, घरात शेगडी, तिच्याशेजारी आजी गोधडी शिवत बसलेली, हे चित्र जाहिरातींत आणि मुलांच्या पुस्तकांत दिसते. ते ज्या देशांत हिवाळ्यात शेत बर्फाखाली जाते आणि माणसे महिनोन्‌महिने घरात अडकतात, तिथले आहे. दख्खनचा हिवाळा हा कामाचा हंगाम. ज्वारी, हरभरा, गहू शेतात उभे असतात, कापूस वेचणी चालू असते, उसाचे गाळप सुरू असते. दसऱ्यानंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीची कुटुंबे बिऱ्हाड पाठीशी बांधून निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कोपीत राहतात. त्या बिऱ्हाडात गोधड्या असतात. गोधडी शिवायला लागणारा सलग दिवस मात्र नसतो. पहाटेच्या अंधारात फडावर जाणारी बाई हिवाळ्यात गोधडी पांघरते, तीही थोडाच वेळ.

शिवण्याचे दिवस चैत्र-वैशाखातले. रब्बी निघालेली असते, पेरणीला अवकाश असतो, ऊन कडक असल्याने धुतलेले जुनेर तासाभरात वाळते, आणि अंगणात किंवा देवळाच्या ओट्यावर पूर्ण गोधडी पसरता येते. पावसाआधी ती पुरी व्हावी लागते. पुढे नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर धुण्यासाठी नेतात. घटस्थापनेआधीची ही धुणी गावोगाव ठरलेली असतात. मग थंडी. असे हे पूर्ण वर्षाचे चक्र आहे : हिवाळ्यात वापर आणि साठवण, उन्हाळ्यात शिवण, पावसाळ्याच्या शेवटी धुणे. शेतीच्या दोन हंगामांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवलेल्या कामाला रिकामपणचा उद्योग म्हणणे म्हणजे कापणी आणि पेरणी यांच्यामधल्या नांगरणीलाही विरंगुळा म्हणण्यासारखे आहे.

'कसेही जोडलेले' तुकडे

गोधडीत रचना नसते, हा आक्षेप तिच्याकडे लांबून पाहणाऱ्याचा आहे. काम असे चालते. खालचा थर जमिनीवर ताणून पसरतात, त्यावर एकेक थर सुरकुती न पडू देता चढवतात, वरच्या थराची मांडणी ठरवतात आणि सगळे थर मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवतात. मग पक्का धावदोरा. अनेक ठिकाणी तो कडेपासून सुरू होऊन चौकोनामागून चौकोन आत सरकत मध्यावर संपतो. यामुळे थरांतला ढिलेपणा हळूहळू आतल्या बाजूला येतो आणि कडा सरळ राहते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच बाहेरून आत शिवली जाते. रंगीत तुकडे त्या शिवता शिवता लावत जातात आणि कोपऱ्यांना घडीची फुले बसवतात.

टाक्यांचे गणित सरळ आहे. दोन ओळींत बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर धरले, तर २.८ चौरस मीटरच्या गोधडीत १४० मीटर लांबीची शिवण पडते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर टाके १४,००० होतात. दोरा ओवणे, गाठ मारणे, गोधडी सरकवणे हे धरून तासाला तीन मीटर शिवण झाली, तर केवळ धावदोऱ्याला सुमारे ४७ तास लागतात. रोज आठ तास बसले तरी हे सहा दिवसांचे काम आहे. कापड धुणे, उसवणे, निवडणे आणि मांडणे यांचे दिवस त्यात नाहीत. चौदा हजार वेळा सारख्या अंतरावर पडलेला टाका 'कसाही' पडत नाही.

वरच्या थरातही ठरवून केलेले बरेच असते. एकाच काठाच्या पट्ट्या समोरासमोर येतात, पदर मध्यावर येतो, गडद तुकड्याशेजारी फिका येतो. बांधकामाच्या नकाशासारखा नकाशा आधी काढलेला नसतो, एवढेच. स्वयंपाकही नकाशाशिवाय होतो, पण त्यात मीठ योगायोगाने पडत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप

'टाकाऊ' या शब्दाच्या बाजूने खरोखर बळकट असा एकच मुद्दा आहे, आणि तो डावलून चालत नाही. काही घरांतल्या गोधड्यांत दुसऱ्यांनी टाकलेले कापड होते. जातिव्यवस्थेने काही समाजांच्या वाट्याला इतरांची उतरलेली वस्त्रे दिली. गावकामाच्या मोबदल्यात महारांना जे 'हक्क' मिळत, त्यांत मढ्यावरच्या कापडाचाही समावेश होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात लुगडे नेसण्याची पद्धत आणि स्वच्छता हे विषय घेतले, कारण वस्त्रावरून माणसाची पायरी ठरवली जात होती. दुष्काळात, १९७२ च्या आगेमागे, ठिगळावर ठिगळ चढलेल्या गोधड्या अनेक घरांनी पांघरल्या. ही हकिगत खरी आहे.

पण ती 'टाकाऊतून टिकाऊ' या घोषणेच्या विरोधात जाते. जिथे दुसऱ्याचे टाकलेले कापड घ्यावेच लागत होते, तिथे ती सक्ती होती. तिला पर्यावरणस्नेही जीवनशैली म्हणणे हा त्या माणसांचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे. आणि जिथे कापड स्वतःचे होते, तिथे ते टाकलेलेच नव्हते. घोषणा दोन्ही घरांना लागू पडत नाही.

टाकलेल्या कापडाचे खरे नमुने वेगळे आहेत, आणि त्यांच्याशेजारी ठेवले की फरक दिसतो. बौद्ध भिक्खूंच्या परंपरेत पांसुकूल चीवर आहे : धुळीत, उकिरड्यावर किंवा स्मशानात पडलेल्या चिंध्या गोळा करून शिवलेले वस्त्र. त्याचे मोल त्या कापडाला मालक उरलेला नाही यातच आहे, कारण धारण करणाऱ्याने मालकी सोडलेली आहे. गाडगेबाबांचा चिंध्यांचा वेशही याच वैराग्याच्या ओळीतला. आजच्या काळातला नमुना पानिपतचा. तिथे पाश्चात्त्य देशांतून गठ्ठ्यांनी आलेले वापरलेले कपडे रंगांप्रमाणे वेगळे करतात, यंत्राने फाडून त्यांचे तंतू मोकळे करतात, पुन्हा सूत कातून स्वस्त ब्लँकेटे विणतात. ज्या माणसाने तो कोट टाकला त्याला ब्लँकेटाचा पत्ता नसतो. गोधडीत याच्या उलट आहे. कापड घरातच राहते. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणता वडिलांच्या धोतराचा हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. वैराग्याची चिंधी मालकी सोडते, गिरणीतली चिंधी ओळख सोडते. गोधडी दोन्ही धरून ठेवते.

विकत घेतलेला साठा

हा वाद इतर देशांतही झाला आहे. अमेरिकेत क्विल्टचा जन्म गरीब वसाहतकऱ्यांच्या घरात चिंध्यांतून झाला, ही गोष्ट दीर्घकाळ सांगितली गेली. जुन्या क्विल्ट तपासल्यावर अभ्यासकांना वेगळे चित्र दिसले : अठराव्या शतकातल्या टिकून राहिलेल्या अनेक क्विल्ट सधन घरांतल्या आहेत, सलग कापडाच्या किंवा आयात छिटाच्या, आणि त्या छिटाचा एक मोठा उगम भारताचा कोरोमंडल किनारा होता. तुकड्यांच्या क्विल्ट घरोघरी पोचल्या त्या एकोणिसाव्या शतकात, गिरण्यांचे छापील सुती कापड स्वस्त झाल्यावर. मंदीच्या काळात पीठ आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांपासून कपडे व क्विल्ट शिवल्या गेल्या खऱ्या. पण बायका पोते निवडताना कापड पाहतात हे कळताच कंपन्यांनी पोत्यांवर फुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. ज्या वस्तूकडे पाहून गिऱ्हाईक दुकान निवडते, ती वस्तू टाकाऊ कशी?

आज तिथे हौसेने क्विल्ट करणाऱ्यांच्या घरी कपाटभर नवे कापड असते. १८ × २२ इंचांचे तुकडे तयार कापून विकले जातात आणि या साठ्याला 'स्टॅश' म्हणतात. त्यातले पुष्कळसे कापड कधीच शिवले जात नाही, अशी थट्टा शिवणारेच करतात. पुण्या-मुंबईतही हा छंद आला आहे, आणि त्यात वावगे काही नाही. रंगांचा साठा चित्रकाराकडेही असतो. मात्र 'गोधडी मागासलेली होती, नव्या कापडाची क्विल्ट ही तिची सुधारलेली आवृत्ती' हे म्हणणे चुकीचे आहे. विकतचा साठा दुकानातून सुरू होतो आणि त्याची मर्यादा खिशाची असते. बोचके अंगावरून सुरू होते आणि त्याची मर्यादा काळाची असते. लुगडे नेसून झिजल्याशिवाय ते भरत नाही. एक दुसऱ्याची पायरी नाही.

बोचक्याला खरा धक्का दिला तो कृत्रिम धाग्याने. टेरिलीन, नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या धुवायला सोप्या, वाळायला झटपट आणि वर्षानुवर्षे न विरणाऱ्या. प्रमाणित हवामानात सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणूनच कृत्रिम साड्यांची गोधडी अंगाखाली चिकट लागते, थर एकमेकांवरून घसरतात आणि टाका सैल पडतो. आता गावोगाव यंत्रावर गोधडी शिवून देणारे बसतात. जुने ब्लँकेट मध्ये, वरखाली दोन साड्या, आणि तासा-दोन तासांत काम पुरे. गरज भागते, त्यावर आक्षेप घेण्याचा अधिकार हाताने न शिवणाऱ्यांना नाही. पण यातून एक गोष्ट उघड होते. कापडाचे ढीग घराघरांत पूर्वीपेक्षा मोठे झाले आणि हाताच्या गोधड्या कमी झाल्या. गोधडी खरोखर टाकाऊपासून होत असती, तर याच्या उलट घडायला हवे होते. ती होते बोचक्यापासून, आणि सुती जुनेर आटल्यावर बोचके रिकामे झाले.

शब्दाची किंमत

हा केवळ शब्दांचा वाद असता तर सोडून देता आला असता. पण 'टाकाऊ' हा शब्द दरपत्रकात शिरतो. कापड फुकटचे मानले की कच्च्या मालाचा रकाना कोरा राहतो. काम फावल्या वेळाचे मानले की मजुरीचा रकाना कोरा राहतो. तुकडे कसेही जोडलेले मानले की कसबाचा रकानाच छापला जात नाही. उरतो तो दोऱ्याचा खर्च आणि वर थोडी बक्षिसी. त्याच गोधडीवर पुढे शहरातल्या दुकानात 'परंपरा', 'शाश्वत' अशी लेबले चढतात आणि किंमत वाढते. वाढलेला भाग शिवणारीकडे परत जात नाही, कारण तिचा माल कचरा होता असे आधीच ठरलेले असते.

गोधडीची किंमत ठरवताना तीन गोष्टी मोजाव्यात. कापड किती वर्षांत जमले आणि त्याचे थर किती; शिवणीला किती तास लागले; आणि मांडणी कोणी ठरवली. सहा दिवसांच्या धावदोऱ्याला सहा दिवसांची मजुरी, हा हिशेब शेतमजुराला लावला जातो, गवंड्याला लावला जातो. गोधडीला तो न लावण्याचे एकही कारण नाही. प्रदर्शनाच्या पाटीवर 'टाकाऊतून टिकाऊ' लिहिण्याऐवजी 'पाच थर, तीन जुनेरे, चौदा हजार टाके' एवढे लिहिले तरी पुरे. शाळेच्या वहीतही मुलांनी हेच लिहावे, आणि घरातल्या एखाद्या गोधडीचे थर मोजून लिहावे.

ज्यांना तरीही ते कापड फुकटचे वाटते, त्यांनी बोहारणीचा व्यवहार आठवावा. दारात बसून, लुगडे उजेडात धरून, प्रत्येक भोकाचे पैसे कापणाऱ्या त्या बाईनेही ते कधी फुकट नेले नाही. मोबदल्यात भांडे ठेवूनच ती उठली.